ठिपका कुठे, तुम्ही कुठे : वाचकांचे प्रश्न

या सदराला येणारी पत्रं बहुतेक तक्रारीच्या सुरात असतात, आणि मला ते आवडतं. ‘नकाशा चुकलाय’ असं कुणी म्हटलं की माझे कान टवकारतात. बत्तीस वर्षं नकाशांच्या धंद्यात काढली. त्यातली पहिली सहा डिजिटायझरच्या, म्हणजे कागदावरचा नकाशा संगणकात उतरवणाऱ्या टेबलावर वाकून गेली. कागदी नकाशा टेबलावर चिकटपट्टीने ताणून बसवायचा, भिंगाखाली फुली असलेला ‘पक’ हातात धरायचा आणि नदीच्या प्रत्येक वळणावर एक क्लिक द्यायचं. हवा दमट असली की तोच कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन मिलिमीटर फुगलेला असायचा. पन्नास हजारी (एकास पन्नास हजार प्रमाणाच्या) नकाशावर दोन मिलिमीटर म्हणजे जमिनीवर शंभर मीटर! तेव्हापासून पडद्यावर कितीही देखणी रेघ दिसली तरी ती कुणी, कधी, कशावरून ओढली हेच आधी मनात येतं. या वेळची पत्रं वाचताना हा माझा खोडसाळपणा सोसावा लागेल.

प्रश्न : घरात खुर्चीत बसलेलो असताना फोनवरचा निळा ठिपका समोरच्या इमारतीत जातो, कधी रस्त्यावर चक्कर मारून येतो. फोन बिघडलाय का?

फोन ठणठणीत आहे. आधी एक गैरसमज काढून टाकू : उपग्रह तुम्हाला बघत नाही. तो सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त ‘मी इथे आहे आणि आता इतके वाजले’ एवढंच ओरडत फिरत असतो. ते तुमच्यापर्यंत पोचायला सेकंदाचा जेमतेम पंधरावा भाग लागतो. किती उशिरा ऐकू आलं त्यावरून फोन अंतर काढतो. घड्याळात एक मायक्रोसेकंद इकडचं तिकडे झालं तर अंतरात तीनशे मीटरचा फरक पडतो. उपग्रहात अणुघड्याळ असतं, तुमच्या फोनमध्ये मात्र स्वस्तातलं. म्हणूनच जागा काढायला तीन उपग्रह पुरत नाहीत, चौथा लागतो. फोनच्या घड्याळाची लबाडी तो चौथा पकडतो. (वरची घड्याळं सापेक्षतेमुळे खालच्यांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. त्याची दुरुस्ती आधीच केलेली असते, नाहीतर दिवसाभरात दहाएक किलोमीटरचा घोळ झाला असता.)

आता घरात काय होतं? संकेत आधीच क्षीण, त्यात स्लॅब आणि भिंती. जो थोडाफार येतो तो समोरच्या इमारतीवर आपटून, उसळी घेऊन येतो. वाट लांबली की वेळ वाढला, वेळ वाढला की फोनला वाटतं तुम्ही लांब आहात. काहीच ऐकू आलं नाही तर तो आसपासच्या वायफाय राउटरांचे ओळखक्रमांक गोळा करतो आणि ‘हा राउटर पूर्वी कुठे दिसला होता’ याच्या यादीत शोधतो. माझ्या भाच्याने घर बदललं, राउटर सोबत नेला. पुढे कितीतरी दिवस त्याचा फोन त्याला जुन्या घरी दाखवत होता. यादीला बिचारीला काय माहीत!

ठिपक्यापेक्षा त्याच्याभोवतीचं फिकट वर्तुळ बघायची सवय लावा. अँड्रॉइडमध्ये त्या वर्तुळाचा अर्थ असा की तुम्ही त्याच्या आत असण्याची शक्यता ६८ टक्के. म्हणजे साधारण तीनातून एकदा तुम्ही वर्तुळाच्याही बाहेर असता, आणि ते नियमाला धरूनच असतं.

तरी तुम्ही सुखी आहात. मे २००० च्या सुरुवातीपर्यंत अमेरिकी लष्कर नागरी जीपीएस संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे. मी गच्चीच्या कठड्यावर रिसीव्हर ठेवून दर मिनिटाला नोंद घ्यायचो. सगळे ठिपके कागदावर काढले की एखाद्या मोठ्या मैदानाएवढा पसारा व्हायचा. ती भेसळ बंद झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच कठड्यावर तोच रिसीव्हर ठेवला, तर पसारा अंगणाएवढा झाला होता. मी बॅटरी काढून पुन्हा घातली. यंत्रच बिघडलं असं वाटलं होतं.

प्रश्न : प्रकल्पासाठी मैत्रिणीने शेपफाइल मेलवर पाठवली, ती उघडतच नाही. (कॉलेजातली विद्यार्थिनी)

तिने फक्त एसएचपी पाठवली असणार. शेपफाइल, म्हणजे नकाशातले आकार साठवायची पद्धत, हे एका फाइलीचं नाव नाही, ते बिऱ्हाड आहे. एसएचपीमध्ये आकार, डीबीएफमध्ये तक्ता, एसएचएक्समध्ये कुठला आकार एसएचपीत कुठे आहे त्याची अनुक्रमणिका. या तिघींशिवाय गाडी हलत नाही. चौथी पीआरजे नसली तर फाइल उघडते, पण आकार जगात कुठे ठेवायचे ते कळत नाही. सगळं बिऱ्हाड झिप करून मागवा. आणखी एक खोच : तक्त्यातल्या स्तंभाच्या नावाला दहाच बाइट मिळतात. ‘पॉप्युलेशन’ची रोमन अक्षरंच दहा भरतात, त्यामुळे पुढे लिहिलेलं साल कापलं जातं आणि दोन जनगणनांचे स्तंभ जुळ्या भावांसारखे दिसू लागतात. देवनागरीत नाव दिलंत तर युनिकोडच्या हिशेबाने तीनच अक्षरं उरतात. शक्य असेल तर तिला जिओपॅकेजमध्ये पाठवायला सांगा. त्यात सगळं एकाच फाइलीत राहतं.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या सर्वेक्षणाच्या वहीत काही खुणांचे अक्षांश-रेखांश सेकंदाच्या दशांशापर्यंत लिहिले आहेत. तेच आकडे फोनमध्ये टाकले तर जागा शे-दीडशे मीटर बाजूला दिसते. वडील फार काटेकोर होते. चुकलं कोण? (एक निवृत्त वाचक)

वडील चुकले नाहीत आणि फोनही नाही. काका, तुमच्या पत्रावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण या एका गोष्टीने मला आयुष्यात सर्वांत जास्त छळलं आहे.

अक्षांश-रेखांश म्हणजे जागेला कायमचा ठोकलेला घरक्रमांक, असं शाळेपासून वाटत आलेलं असतं. खरं तर ते एका कल्पित पृष्ठभागावरचं मोजमाप आहे. पृथ्वी ओबडधोबड आहे आणि हिशेब ओबडधोबड गोष्टीवर होत नाही, म्हणून गुळगुळीत लंबगोल मानायचा. जुन्या सर्वेक्षकांनी आपापल्या प्रदेशाला अंगाबरोबर बसेल असा लंबगोल घेतला आणि एका ठरावीक ठिकाणी तो जमिनीशी जुळवला. ही सगळी मांडणी म्हणजे डेटम. जीपीएस आलं ते अख्ख्या जगाला चालेल असं एकच माप घेऊन. त्याचं नाव डब्ल्यूजीएस ८४, आणि त्याचं केंद्र पृथ्वीच्या वस्तुमानाच्या केंद्राशी बांधलेलं. शिंप्याने मापावर शिवलेला सदरा आणि दुकानात मिळणारा तयार सदरा, दोन्हींवर दुसरं बटण असतं. ते छातीवर एकाच जागी येईलच असं नाही.

हा फरक किती असतो? जपानने २००२ मध्ये जुना तोक्यो डेटम सोडला तेव्हा देशातल्या ठिकाणांचे आकडे सुमारे चारशे मीटरइतके सरकले. एकही डोंगर हलला नव्हता. ग्रिनिचच्या वेधशाळेत शून्य रेखांशाची पट्टी आहे. लोक तिच्या दोन बाजूंना दोन पाय ठेवून फोटो काढतात, मग फोन बघतात आणि गोंधळतात. जीपीएसचं शून्य त्या पट्टीच्या पूर्वेला १०२ मीटरवर आहे. तिथलं गुरुत्वाकर्षण ओळंब्याला किंचित बाजूला ओढतं, आणि जुनं यंत्र त्या गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर सरळ उभं केलेलं होतं.

यात जमीनही सरकते. ऑस्ट्रेलिया दरवर्षी सुमारे सात सेंटिमीटर ईशान्येकडे जातो. तिथला १९९४ सालचा डेटम जमिनीला चिकटवलेला होता, पुढे २०२० सालचा आणावा लागला आणि दोघांत १.८ मीटरचा फरक निघाला. माणूस चालवतो त्या गाडीत एवढा फरक कुणाला कळतही नाही. आपोआप चालणारा ट्रॅक्टर मात्र तेवढ्यात वाफा सोडून शेजारच्या वाफ्यात शिरतो.

आता माझी फजिती. एका कामात जुन्या खुणेचा दगड शोधायचा होता. आकडे नकाशावरून घेतले, रिसीव्हरमध्ये घातले आणि आम्ही तिघं झुडपांत शिरलो. रिसीव्हर म्हणाला इथेच. दोन दिवस कोयत्याने झुडपं तोडली, पहारीने जमीन टोचली, हाताला फोड आले. ज्यांनी काम दिलं होतं त्यांच्या माणसाने ‘दगड कुणीतरी पळवला’ असं अहवालाचं वाक्यही मनात तयार केलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात, घडीवर झिजलेली बारीक ओळ भिंगाने वाचली. लंबगोलाचं नाव. रिसीव्हरमध्ये ते निवडलं, बाण गर्रकन फिरला आणि आमच्या पाठीकडे रोखला गेला. दगड जीपपासून पंधरा पावलांवर होता, वर कोरलेली फुली मातीने बुजलेली. दोन दिवस आम्ही त्याच्या शेजारून ये-जा करत होतो. अहवालात यातलं काहीच आलं नाही.

तर वहीच्या पहिल्या पानांवर डेटमचं किंवा लंबगोलाचं नाव शोधा. काटेकोर माणसाने ते लिहिलेलं असणारच. मग क्यूजीआयएस हा मोफत प्रोग्राम घ्या. त्यात बहुतेक सगळ्या डेटमना ईपीएसजी नावाचे ओळखक्रमांक आहेत. इथे नव्या माणसाचा पाय हमखास घसरतो. लेयरला (नकाशाच्या थराला) सीआरएस, म्हणजे आकड्यांची संदर्भपद्धत, ‘सेट’ करणं म्हणजे हे आकडे कुठल्या भाषेत लिहिले आहेत ते सांगणं. ‘रीप्रोजेक्ट’ करणं म्हणजे त्यांचं दुसऱ्या भाषेत भाषांतर करणं. आधी वहीतला डेटम सेट करा, नंतर डब्ल्यूजीएस ८४ मध्ये रीप्रोजेक्ट करा. थेट डब्ल्यूजीएस ८४ सेट केलंत तर भाषांतर न करता फक्त मुखपृष्ठ बदलल्यासारखं होईल आणि ठिपका जिथल्या तिथे चुकलेला राहील. रूपांतरानंतरही काही मीटर राहतील. तेवढे जुन्या मोजणीला माफ करा.

प्रश्न : समुद्राच्या वाळूत उभा होतो. ॲपने माझी उंची उणे ६४ मीटर सांगितली.

म्हणजे तुम्ही पाणबुडीत होतात! नाही, हाही वरच्याच गोष्टीचा धाकटा भाऊ. जीपीएस उंची मोजतं ती लंबगोलापासून. समुद्र मात्र लंबगोल मानत नाही, तो गुरुत्वाकर्षणाच्या पृष्ठभागावर पसरतो. त्या पृष्ठभागाला जिऑइड म्हणतात. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात तो लंबगोलाच्या सुमारे १०६ मीटर खाली गेलाय, तर न्यू गिनीच्या बाजूला ऐंशीहून अधिक मीटर वर आलाय. चांगली ॲप्स हा फरक आतल्या आत वजा करून समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतात, तुमचं करत नाही. शिवाय जीपीएसची उंची आडव्या जागेपेक्षा नेहमीच ढिली असते. सगळे उपग्रह डोक्याच्या वरच्या बाजूला, पायाखालून ऐकू येणारा एकही नाही, मग खालून पकड कुठून येणार?

‘समुद्रसपाटी’ हा शब्दही वाटतो तेवढा सपाट नाही. जर्मनी आणि स्वित्झर्लंडला जोडणारा लाउफेनबुर्गचा पूल दोन्ही काठांवरून बांधत आणला होता. जर्मनीची उंची उत्तर समुद्रावरून, स्वित्झर्लंडची भूमध्य समुद्रावरून मोजलेली. दोघांत २७ सेंटिमीटरचा फरक आहे हे अभियंत्यांना माहीत होतं, त्यांनी तो हिशेबात धरलाही. फक्त चिन्ह उलटं पडलं. २००३ मध्ये लक्षात आलं तेव्हा दोन बाजूंत ५४ सेंटिमीटर अंतर होतं. मी नवख्या मुलांना ही गोष्ट सांगतो तेव्हा कुणी हसलं की त्यालाच पुढची उंचीची फाइल तपासायला देतो.

प्रश्न : वर्गातली मुलं फोनवरचा नकाशा दाखवून विचारतात, ‘बाई, ग्रीनलंड आफ्रिकेएवढा आहे का?’ इतकी प्रगती होऊनही हा जुना नकाशा का वापरतात?

आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदापट आहे, हे तुम्ही त्यांना सांगितलं असेलच. बहुतेक वेब नकाशे मर्केटरच्या १५६९ सालच्या प्रक्षेपणाची सोपी केलेली आवृत्ती वापरतात. तिच्यात ६० अंश अक्षांशावर लांबी दुप्पट दिसते, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. ध्रुव तर अनंतावर जातो, म्हणून नकाशा ८५ अंशांच्या जरा पुढे कापून टाकतात. कापल्यावर जग बरोबर चौरस होतं, आणि खरी गंमत या चौरसात आहे. शून्य क्रमांकाच्या झूमला सगळं जग २५६ गुणिले २५६ पिक्सेलच्या एका फरशीत. पुढच्या झूमला तिचे चार तुकडे, मग सोळा. अठराव्या झूमला जगाच्या ६,८०० कोटींहून जास्त फरशा होतात, पण तुमच्या पडद्याला त्यातल्या दहा-वीसच लागतात. नकाशा बोटाने सरकतो तो याच युक्तीमुळे. २००५ मध्ये गूगल मॅप्स आलं तेव्हा आमच्या कार्यालयात सगळे एकाच संगणकाभोवती उभे राहून नुसता नकाशा ओढत होते. तोपर्यंत बाण दाबायचा आणि पान पुन्हा उघडायची वाट बघायची, असा प्रकार होता.

दुसरं कारण असं की या प्रक्षेपणात काटकोन काटकोनच राहतो. गल्लीचा कोपरा जगात कुठेही तिरपा दिसत नाही. रस्ता शोधणाऱ्याला तेवढंच हवं असतं. खंडांची तुलना करायला मात्र हा नकाशा निरुपयोगी आहे, आणि भिंतीवर टांगायला तर मी कधीच देणार नाही. २०१८ मध्ये गूगलने संगणकावर लांबून बघताना गोल पृथ्वी दाखवायला सुरुवात केली, ते बरं झालं.

मुलांसाठी एक खेळ सांगतो. सपाट नकाशात झूम न बदलता विषुववृत्तापासून सरळ उत्तरेला सरकत जा आणि खालच्या कोपऱ्यातल्या मोजपट्टीवर डोळा ठेवा. तिची लांबी किंवा आकडा आपोआप बदलत राहतो. नकाशा स्वतःच कबुली देत असतो, फक्त ती कोपऱ्यात असते.

प्रश्न : आमचा गट ओपनस्ट्रीटमॅपसाठी उपग्रहचित्रावरून घरं रेखाटतो. आता कृत्रिम बुद्धिमत्ता एका रात्रीत कोट्यवधी घरं काढते म्हणे. मग आम्ही बंद करायचं का? शिवाय कुणीही बदलू शकेल अशा नकाशावर विश्वास कसा ठेवायचा?

आकडा खरा आहे. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्येच अमेरिकेतल्या सुमारे साडेबारा कोटी इमारतींच्या यंत्राने काढलेल्या आकृत्या खुल्या केल्या होत्या. गूगलच्या अशाच संचात तर प्रत्येक आकृतीसोबत यंत्राला स्वतःची किती खात्री आहे तो आकडाही देतात. हे मला फार प्रामाणिक वाटतं, माणसं असं करत नाहीत. मी अशा आकृत्या तपासायचं काम केलं आहे. यंत्राने घर म्हणून काढलेल्या गोष्टींत मला ट्रकांची रांग सापडली, सपाट खडक सापडला, एकदा तर ढगाची सावली. उलट झाडाखालचं घर त्याला दिसलंच नाही. उंच इमारत तिरप्या चित्रात कलंडलेली दिसते, आणि यंत्र अनेकदा छताभोवती रेघ मारतं. तुम्हीही तपासा : आकृती छतावर काढली असेल तर ती तशीच उचलून पायथ्याशी आणून ठेवायची असते. पाच मजल्यांवर हा फरक रस्त्यात घर आणतो.

यंत्राला छप्पर दिसतं. ती शाळा आहे का, दवाखाना आहे का, लोक त्या वाडीला काय म्हणतात, हे वरून दिसत नाही. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी घरबसल्या चित्रांवरून राजधानीचे रस्ते काही दिवसांत उभे केले आणि मदतपथकांनी ते वापरले. पण नावं शेवटी तिथल्या माणसांनीच भरायची होती.

विश्वासाचं म्हणाल तर कुलूपबंद नकाशांचाही इतिहास वाचा. प्रवाळ समुद्रात, ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनियाच्या मधे, सँडी नावाचं लांबुळकं बेट होतं. म्हणजे नकाशावर होतं. १८७६ मध्ये एका जहाजाने नोंद केली, ती १९०८ च्या ब्रिटिश सागरी नकाशावर गेली. पुढे कुणीतरी माझ्यासारखंच टेबलावर वाकून त्याच्या कडेने क्लिक करत गेलं असणार, कारण ते जगाच्या डिजिटल किनाऱ्यांच्या माहितीत शिरलं आणि तिथून गूगलच्या नकाशावर. फ्रेंच सागरी नकाशांवरून ते आधीच काढलेलं होतं, तरी डिजिटल प्रती वाढतच होत्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांचं जहाज मुद्दाम त्या जागेवरून गेलं. खाली १,३०० मीटरहून खोल पाणी होतं. त्या बेटाच्या रेघेवर क्लिक करून ‘ही कुणी, कधी काढली’ असं विचारायची सोय त्या कुलूपबंद नकाशांत नव्हती.

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये ती आहे. एखाद्या रस्त्यावर क्लिक करून इतिहास उघडा. कुठल्या सदस्याने, कुठल्या दिवशी, काय बदललं, सगळं दिसतं. म्हणून तुमच्या गटाला माझी एकच भुणभुण : बदल जतन करताना स्रोताच्या रकान्यात चित्राचं नाव आणि कळत असेल तर त्याची तारीख लिहाच. ‘नव्या’ म्हणवणाऱ्या चित्रावर तीन वर्षांपूर्वी पडलेलं घर उभं असलेलं मी किती वेळा बघितलंय! यंत्राने काढलेल्या आकृत्या जरूर घ्या, बोटांचे कष्ट वाचतील. वाचलेल्या वेळात गटातल्या दोघांनी त्या भागात चालत जावं, दारावरची नावं वाचावी, आणि ज्या चौकोनाला दारच सापडलं नाही तो नकाशावरून पुसून टाकावा.